राखाड्याची बाजू

तेजपाल, काल रात्री परत तेच म्हणालास,
हेडफोनवर, सगळ्यांच्या कानात:
‘राखाड्या नको बाबा. जागा वाया.’
आणि मला टोळीतून काढलंस.
बाहेर पडता पडता दिसला तुझ्या तलवारीचा आकडा,
लालभडक, चौदा हजार.

माझा चारशे. मान्य.
तोही मंत्र सोडल्यावर तीन श्वासांनी.
तोवर राक्षस पुढे निघून गेलेला,
नाहीतर तुझ्या पायाशी पडलेला.
माझ्या राखाड्याचा झगा म्हणजे उसवलेलं बारदान,
आणि चालताना तो खोकतो.
कुणीतरी बसून ठरवलं असेल ना हे,
की याला खोकला द्यावा?
दिवाळीला नवी आवृत्ती आली.
तुम्हा खड्गवाल्यांना पंख मिळाले.
आम्हाला काय, तर खोकला थोडा हळू केला.

तरी मी त्याचीच बाजू घेणार.

आपलं गावच पैलवानांचं.
तालमीच्या ओट्यावरून उठून खेळात उतरलात
तरी तुम्हाला दंड लागतो, मांडीवर थाप लागते.
चूक नाही. मलाही बघायला आवडतं.
पण मी दिवसभर मार्केट यार्डात
आवटींच्या अडतीवर काट्यापाशी बसते.
पोतं ठेवलं की आकडे नाचतात,
एकावन्न चारशे, पन्नास नऊशे, परत एकावन्न,
शेतकरी मान लांब करतो, हमाल घाई करतो,
आणि मी काही लिहीत नाही
काटा थांबेपर्यंत.
तीन श्वास लागतात. मोजलेत मी.

शिवगोंडा मामा, आमचे जुने हमाल, हरिपूरचे,
चहाच्या वेळी पेवांचं सांगतात.
जमिनीच्या पोटात वर्षावर्षाची हळद.
तोंड उघडलं की लगेच उतरायचं नाही,
आत हवा मारकी असते.
आधी दोरीला कंदील.
तो विझला तर वर ओढायचा आणि बिडी पेटवून बसायचं,
बाजूला, लांब.
‘कंदिलानं हळदीचं एक कांडं तरी वर काढलं का कधी?’ मी विचारलं.
मामा हसले.
‘न्हाई. पर मी हाय की हितं.’

तो शनिवार आठव, तिसऱ्या तळघरातला.
इरफानचा तिरंदाज जिन्यावर अडकलेला,
जीव उरला होता केसभर,
आणि मागून ती आंधळी मगर.
तू वर दरवाजा फोडत होतास, आकडे उडवत.
मी चौथ्या पायरीवर राख टाकली.
मगर जळली नाही, ओरडली नाही,
फक्त तिचा पाय जड झाला,
लग्नाच्या जेवणानंतर आपला होतो तसा.
इरफान वर आला. म्हणाला, ‘वाचलो रे, नशिबानं.’

नशिबानं!
खेळ संपल्यावरच्या पाटीत
मारलेले किती, ते असतं.
न मेलेले किती, याला रकानाच नाही.

राखाड्याच्या आत वाघ लपलाय, असं मी म्हणत नाही.
नाही लपलेला.
एकटा सापडला तर कोंबडीसुद्धा मारते त्याला,
पहिल्या गावातली, ती पांढरी.
मला दोनदा मारलंय तिनं.
बाजू घ्यायची म्हणजे खोटं बोलायचं, असं थोडंच आहे.

आत्ता साडेअकरा. खणभागातली कुत्री भुंकून दमलीत.
माझ्या नखांतली हळद काही निघत नाही,
कीबोर्डवर राखेची तेवढी एक कळ पिवळी पडलीय.
तुझा निरोप येतो:
‘तळघर. तिघं मेलो. येतेस का?’
पुढे जोडलेले हात, दोन वेळा.

वाचलाय मी. निळी खूण दिसली असेल तुला.
थांब जरा.
माझा माणूस जिना उतरतोय,
खोकत.